गाईडिंग चालू, ग्राफ सपाट, तरी तारे लांबट: नवा गाईड स्कोप घेण्याआधी हे तपासा

दिवाळी ते होळी हा आपल्या सोलापूरकडचा आकाशाच्या फोटोंचा हंगाम. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्याची तक्रार शेतकऱ्याने करावी, दुर्बीणवाल्याला तो अधिकार नाही. याच महिन्यांत मला सारखा एकच प्रश्न येतो: गाईडिंग लावलंय, तरी पाच मिनिटांच्या फोटोत तारे गोल येत नाहीत, मोठा गाईड स्कोप घेऊ की ऑफ-अॅक्सिस गाईडर? (गाईडिंग म्हणजे फोटो चालू असताना दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीचं सरकणं दुरुस्त करत राहणं. त्या कॅमेऱ्याची छोटी दुर्बीण म्हणजे गाईड स्कोप; ऑफ-अॅक्सिस गाईडर तोच तारा मुख्य दुर्बिणीतून दाखवतो.) हा बिघाड मी इतक्या जणांच्या गच्चीवर आणि शेतावर जाऊन काढून दिला आहे, की खरेदीचं उत्तर आता सगळ्यात शेवटी देतो. बहुतेकांना तिथपर्यंत यायची गरज पडत नाही.

माऊंट (दुर्बीण धरून फिरवणारं यंत्र) विषुववृत्तीय आहे, म्हणजे त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो, गाईड स्कोप आणि गाईड कॅमेरा आहे, लॅपटॉपवर पीएचडी२ हे गाईडिंगचं सॉफ्टवेअर चालतं आणि ताऱ्याच्या सरकण्याचा ग्राफ दाखवतं, असं धरून पुढचं लिहितो.

लक्षणं

फोटो शंभर टक्के मोठा करून मधोमध आणि चारही कोपऱ्यांत बघा. मधले तारे गोल आणि फक्त कोपऱ्यांतले ओढलेले असतील, तर गाईडिंगचा काही दोष नाही. फ्लॅटनर किंवा कोमा करेक्टर (कोपऱ्यांतले तारे नीट करणारी भिंगं) यांच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर चुकलंय, नाहीतर कॅमेरा तिरका बसलाय. खात्रीसाठी दहा सेकंदांचा फोटो काढा. त्यातही कोपरे तसेच दिसले तर इथेच थांबा, पुढचं तुमच्यासाठी नाही.

तारे एका बिंदूभोवती फिरल्यासारखे दिसतात, म्हणजे एका कोपऱ्यात एक कल आणि समोरच्या कोपऱ्यात वेगळाच: हे फील्ड रोटेशन. पोलर अलाइनमेंट, म्हणजे माऊंटचा अक्ष ध्रुवबिंदूकडे रोखणं, कच्चं आहे.

सगळ्या चौकटीत एकाच दिशेला लांबट, आणि ग्राफही उड्या मारतोय: वारा, बॅलन्स, केबल, वीज किंवा माऊंटचे गिअर.

सगळ्या चौकटीत एकाच दिशेला लांबट, पण ग्राफ मात्र देखणा: हे सगळ्यात फसवं लक्षण, आणि याच लक्षणावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. एकतर ग्राफ खोटं बोलतोय, नाहीतर गाईड स्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकांच्या तुलनेत हळूहळू वाकतायत. या दुसऱ्या प्रकाराला डिफरेन्शियल फ्लेक्शर म्हणतात.

तारे गोल, पण फुगलेले: दोन्ही अक्षांवर सारखीच चूक होतेय. बहुधा हवा खराब आहे, किंवा गाईडिंग हवेच्या थरथरीमागे धावतंय.

आणखी दोन चाचण्या फुकटात करून घ्या. एक, त्याच जागेचा ३० सेकंदांचा आणि ३०० सेकंदांचा फोटो काढा. लांबटपणा वेळेबरोबर वाढत असेल तर काहीतरी संथपणे सरकतंय: पोलर किंवा फ्लेक्शर. दोन्हीत सारखाच असेल तर वारा, कंपन किंवा भिंगांकडे बघा. दोन, गाईडिंग बंद करून फोटो चालू असताना काही सेकंद माऊंटचं ट्रॅकिंग थांबवा. ताऱ्याची जी रेघ उमटेल ती तुमच्या चौकटीतली आरएची, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशा. लांबट तारे त्या रेघेला समांतर असतील तर शंका गिअर, बॅलन्स आणि केबलवर. काटकोनात असतील तर डेकवर (उत्तर-दक्षिण अक्ष), म्हणजे पोलर अलाइनमेंट किंवा डेकचा बॅकलॅश (दिशा बदलताना गिअरमधली ढिलाई). ही एक रेघ काढायला अर्धा मिनिट लागतो आणि निम्मा शोध संपतो, पण कोणी काढत नाही.

ग्राफ खरं बोलतोय का

पीएचडी२च्या प्रोफाइलमध्ये गाईड स्कोपची फोकल लांबी आणि गाईड कॅमेऱ्याचा पिक्सेल आकार भरावा लागतो. बरेच जण तिथे मुख्य दुर्बिणीची फोकल लांबी टाकतात. १२० मिमीच्या गाईड स्कोपसाठी १००० लिहिलं, की खरी २.५ आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चूक ग्राफवर ०.३ दिसते. मग "माझा आरएमएस तर ०.३ आहे" म्हणत (आरएमएस म्हणजे सरासरी चूक) माणूस दुकानाकडे निघतो. बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणं) २ वर ठेवलं असेल तर तेही प्रोफाइलमध्ये नोंदलेलं हवं.

दुसरं खोटं आपल्या हवामानामुळे बोललं जातं. गाईड कॅमेऱ्यांना बहुधा कूलिंग नसतं. एप्रिल-मेमध्ये रात्री दहालाही गच्ची भाजत असते आणि सेन्सरवर हॉट पिक्सेल, म्हणजे उगाच चमकणारे ठिपके, पसरतात. पीएचडी२ने तारा समजून असा पिक्सेल धरला आणि जुनं कॅलिब्रेशन (माऊंट कुठल्या दिशेला किती हलतं याचं मोजमाप) तसंच वापरलं, तर ग्राफ अशक्य वाटावा इतका सपाट येतो. हॉट पिक्सेल जागचा हलत नाही, पण दुर्बीण हलते. म्हणून डार्क लायब्ररी (झाकण लावून काढलेले फोटो, असे ठिपके वजा करायला) किंवा बॅड-पिक्सेल मॅप ऋतूप्रमाणे नवा करा. जानेवारीच्या थंडीत घेतलेले डार्क मेमध्ये उपयोगाचे नाहीत. संशय आला तर हँड कंट्रोलरने माऊंट जरा हलवा. खरा तारा चौकटीत सरकेल.

गाईड स्कोपचा फोकसही इथेच बघून घ्या. स्टार प्रोफाइलमधला एचएफडी (ताऱ्याच्या रुंदीचा) आकडा सगळ्यात कमी येईल तिथे फोकस कुलूपबंद करा.

केबल, बॅलन्स, वीज

लोंबणारी केबल मी सगळ्यात आधी बघतो. मुख्य कॅमेऱ्याची जाड केबल ट्रायपॉडला घासत असेल, तर माऊंट पश्चिमेकडे वळत जातं तशी ती आधी ताणते आणि मग सुटते. ग्राफवर मधूनच एक मोठा झटका, मग पंधरा-वीस मिनिटं शांतता, असं दिसलं की केबल. सगळ्या केबल दुर्बिणीवरच एका जागी बांधा आणि तिथून एकच जुडी माऊंटच्या मध्याजवळून खाली सोडा.

एसटी-४ केबलने (गाईड कॅमेऱ्यातून थेट माऊंटला जाणारी) गाईड करत असाल तर ती सहा तारांची हवी. जुन्या लँडलाइन फोनची चार तारांची केबल त्याच खोबणीत बसते, पण टोकाच्या तारा नसल्यामुळे आरएची एक दिशा गायब होते. तारा एका बाजूला सरकत जातो आणि परत येत नाही. शक्य असेल तर एसटी-४ सोडून लॅपटॉपवरून थेट पल्स गाईडिंग करा. मग दुर्बीण कुठे रोखली आहे हे पीएचडी२ला कळतं आणि मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडल्यावर कॅलिब्रेशन आपोआप उलटतं.

बॅलन्स अगदी तंतोतंत नको. आरएमध्ये पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात कायम एकाच बाजूला टेकून राहतात. मेरिडियन फ्लिपनंतर (दुर्बीण माऊंटच्या दुसऱ्या बाजूला फिरवल्यावर) पूर्व-पश्चिम बदलते, तेव्हा काउंटरवेट पुन्हा जरासं सरकवावं लागतं.

शेतावर बॅटरीने काम करताना सिगरेट लायटरची सैल पिन आणि लांब, बारीक वायर यांनी व्होल्टेज पडतं. मोटर मधेच अडखळते आणि दोष गाईडिंगवर येतो. काम चालू असताना माऊंटच्या टोकाला मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.६ आणि माऊंटपाशी ११च्या खाली असेल तर आधी वायर बदला.

ट्रायपॉड कशावर उभा आहे

मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या काळ्या जमिनीवर ट्रायपॉड संध्याकाळी नीट लावला तरी मध्यरात्रीपर्यंत एखादा पाय किंचित खचतो. पोलर अलाइनमेंट संध्याकाळी पक्कं आणि रात्री कच्चं असं होतं, आणि माणूस म्हणतो, "का बे, आत्तापर्यंत तर चांगलं चालत होतं!" उपाय स्वस्त आहे: शहाबादी फरशीचे तीन तुकडे गाडीत ठेवा, एकेका पायाखाली एकेक. पाय ठेवल्यावर वरून दाबून बसवा, मगच पोलर सुरू करा. बार्शी-तुळजापूरकडच्या मुरमाड माळावर ही अडचण फारशी येत नाही.

गच्चीवर वेगळीच गंमत. स्लॅबच्या मधोमध चालणाऱ्याचं पाऊल ग्राफवर उमटतं. ट्रायपॉड खांबाच्या किंवा बीमच्या डोक्यावर ठेवा, आणि फोटो चालू असताना पाहुण्यांना खाली चहाला पाठवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि त्यावरची हवा थरथरते. उन्हाळ्यात झोपण्याआधी गच्चीवर पाणी मारायची आपली पद्धत इथे कामाला येते, फक्त ते ट्रायपॉड लावायच्या दोन तास आधी मारा. वाऱ्यासाठी पाण्याच्या टाकीचा आडोसा उत्तम, उत्तर झाकली जात नसेल तर.

पोलर अलाइनमेंट: सोलापूरची खरी अडचण

आपण साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर. ऊस गाळपाच्या दिवसांत धूर आणि जाळलेल्या पाचटाची धुरकट पट्टी नेमकी त्याच उंचीवर असते. शहराच्या दक्षिणेला विजापूर रोडने मंद्रूपकडे गेलात तर सोलापूरचा सगळा उजेड बरोबर उत्तरेला, ध्रुवाच्या खालीच येतो. तुळजापूरच्या बाजूला गेलं तर हा त्रास कमी.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशापेक्षा जास्त दूर आहे. "ध्रुव मधोमध आणला, झालं" हे अलाइनमेंट नव्हेच, ती नुसती सुरुवात. चूक ५ आर्कमिनिटांची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा ६०वा भाग) असेल तर तारा डेकमध्ये मिनिटाला जास्तीत जास्त १.३ आर्कसेकंद सरकतो. गाईडिंग हे सरकणं भरून काढतं, म्हणून ग्राफ बरा दिसतो, पण गाईडच्या ताऱ्याभोवती चौकट फिरते ते फिरणं कोणताच गाईड कॅमेरा थांबवू शकत नाही. नवं उपकरण इथे निरुपयोगी आहे.

पोलर स्कोपमधून डोळ्याने केल्यावर एकदा सॉफ्टवेअरने तपासा. आकाशाच्या तीन जागांचे फोटो काढून चूक सांगणारी पद्धत निना या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तशीच सोय इतर प्रोग्रॅम आणि छोट्या कंट्रोलर पेट्यांतही मिळते. तिला ध्रुवतारा दिसायची गरज नसते, त्यामुळे उत्तरेला शेजाऱ्यांची इमारत असली तरी काम होतं. इतक्या कमी उंचीवर वातावरणामुळे ध्रुव सुमारे ३ आर्कमिनिट वर दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये या अपवर्तनाच्या दुरुस्तीचा पर्याय असेल तर चालू करा. काहीच नसेल तर पीएचडी२मधलं ड्रिफ्ट अलाइन आहे. वेळ खातं, पण फुकट आहे आणि चुकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी युरोप-अमेरिकेतल्या सूचनांत सहसा सापडत नाही. आपल्या अक्षांशावर आरए अक्ष जवळजवळ आडवा असतो. दुर्बीण आणि वजनं माऊंटच्या उत्तरेकडे झुकतात, उंचीच्या बोल्टवर वेगळाच ताण येतो, आणि काउंटरवेट उत्तरेकडच्या पायाला धडकू शकतो. माऊंटची दिशा बसवणारी खुंटी दुसरीकडे लावायची सोय असेल तर ट्रायपॉड फिरवून एक पाय दक्षिणेला घ्या. उंची बसवताना शेवटची हालचाल नेहमी वजन उचलणारी ठेवा, खाली सोडणारी नको. मग सगळे बोल्ट घट्ट करून पुन्हा एकदा मोजा, कारण घट्ट करतानाच बहुतेकांचं अलाइनमेंट बिघडतं.

कॅलिब्रेशन आणि सेटिंग

कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मेरिडियनजवळ करा. हिवाळ्यात मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे जवळजवळ विषुववृत्तावरच आहेत, ते मध्यावर येतील तेव्हा त्यांच्या शेजारी. ध्रुवाजवळ केलेलं कॅलिब्रेशन आरएची गती चुकीची मोजतं आणि मग सगळी रात्र चुकीच्या दुरुस्त्या जातात. माऊंटचा गाईड स्पीड ०.५एक्स (ताऱ्यांच्या गतीच्या निम्मा) हा चांगला आरंभ.

यानंतर पीएचडी२मधला गाईडिंग असिस्टंट दहा-पंधरा मिनिटं चालवा. तो हवेची थरथर, पोलरची चूक आणि डेकचा बॅकलॅश मोजून देतो आणि मिन-मूव्हचे (किती सरकल्यावर दुरुस्ती करायची त्याचे) आकडे सुचवतो. ते घ्या. एक्स्पोजर २ ते ३ सेकंद ठेवा. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर ठेवून प्रत्येक थरथरीला उत्तर देत बसलं की माऊंट विनाकारण हलतं आणि तारे फुगतात. हार्मोनिक गिअरचं माऊंट असेल तर नियम उलटा: त्यांचा हेलकावा मोठा आणि भराभर बदलणारा असतो, तिथे अर्धा ते एक सेकंदच हवा.

डेक एका बाजूला जाऊन परत यायला फार वेळ लावत असेल तर बॅकलॅश आहे. माऊंट उघडण्याआधी डेकचं गाईडिंग एकाच दिशेला चालू ठेवून बघा, ताऱ्याच्या सरकण्याच्या उलट दिशेला. पोलरमधली बारीकशी चूक इथे चक्क उपयोगी पडते, कारण तारा कायम एकाच बाजूला सरकतो आणि गिअरला दिशा बदलावीच लागत नाही.

आणि लक्ष्य कुठे आहे ते बघा. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी आपल्याकडून फोटो काढण्याजोगा दिसतो याचा आपल्याला अभिमान आहेच, पण तो सोलापुरातून जास्तीत जास्त २५ अंशांपर्यंतच चढतो. डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त हवेतून त्याचा प्रकाश येतो. त्या रात्रीचा आरएमएस बघून कुठलीही खरेदी करू नका.

फ्लेक्शर: ग्राफ देखणा, फोटो वाईट

इथपर्यंत सगळं करूनही लक्षण तसंच असेल तर ही तपासणी. पोलर आधी पक्कं केलेलं असणं गरजेचं, नाहीतर फील्ड रोटेशनलाच तुम्ही फ्लेक्शर समजाल. डिदरिंग (दोन फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम जराशी हलवणं) बंद करा आणि गाईडिंग चालू ठेवून एक तास, पाच-पाच मिनिटांचे बारा फोटो घ्या. पहिला आणि शेवटचा एकावर एक ठेवून तोच तारा किती सरकला ते मोजा. २० पिक्सेल सरकला असेल तर प्रत्येक फोटोत तो दीड पिक्सेलहून जास्त ओढला गेला. गाईड कॅमेऱ्याला यातलं काही दिसलेलं नाही. मग दुर्बीण मेरिडियनच्या दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा करा. सरकण्याची दिशा बदलली तर गुरुत्वामुळे काहीतरी लोंबतंय हे नक्की.

ते काय, हे हाताने शोधायचं. माझा क्रम असा असतो: गाईड स्कोप प्लास्टिकच्या टोकांच्या तीन-तीन स्क्रूंवर तोलला असेल तर पहिला संशय तिथे. असे स्क्रू तारा शोधायला सोयीचे, गाईडिंगला नाहीत. त्याऐवजी नळीला पूर्ण वेढा घालणारी पक्की कडी लावा. गाईड स्कोप एकाच फाइंडर शूवर (दुर्बिणीवरच्या छोट्या खाचेवर) असेल तर दुसरा संशय. न्यूटोनियनच्या (आरशाच्या दुर्बिणीच्या) पातळ पत्र्यावरचा शू पत्र्यासकट वाकतो, म्हणून गाईड स्कोप मुख्य कड्यांच्या वर आडवी पट्टी टाकून तिच्यावर दोन ठिकाणी बसवा. गाईड कॅमेरा एका स्क्रूने आवळलेल्या नळीत असेल तर तो आट्यांवर बसवता येतो का बघा. मग मुख्य दुर्बिणीकडे या: फोकसरचं लॉक, आणि न्यूटोनियन असेल तर मुख्य आरशाचे लॉकिंग स्क्रू. आरसा नुसत्या स्प्रिंगवर असेल तर तो जागा बदलतो आणि दोष गाईड स्कोपला मिळतो.

कड्या आणि पट्टी बाहेरून मागवायची गरज नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याला माप दिलंत तर अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून नीट काढून देतो, आणि दुकानातल्या पातळ कड्यांपेक्षा त्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तासाभराची चाचणी पुन्हा करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या हंगामात तोच परत येईल.

आता खरेदी

एक साधं सूत्र: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लांबी मिमीमध्ये. उत्तर येतं ते एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद. मुख्य कॅमेऱ्याचं आणि गाईड कॅमेऱ्याचं दोन्ही काढा. पीएचडी२ ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या छोट्या अंशापर्यंत मोजतं, म्हणून गाईडचा आकडा मुख्य आकड्याच्या चौपट-पाचपटीपर्यंत चालतो. त्यापलीकडे ताणू नका.

ट्रॅकरवर १३५ मिमीची लेन्स असेल तर पोलर नीट करा आणि दोन मिनिटांचे फोटो काढा, गाईडिंगची घाई नको. ८० मिमीची एफ/६ दुर्बीण, म्हणजे ४८० मिमी, आणि ४.३ मायक्रॉनचा डीएसएलआर: १.८ आर्कसेकंद. यावर १२० मिमीचा छोटा गाईड स्कोप आणि ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा ६.४ देतो, साडेतीनपट. पुरेसा आहे. इथे मोठा गाईड स्कोप घेतल्याने वजन वाढतं आणि फ्लेक्शरचा धोकाही. शिवाय छोट्याच्या रुंद क्षेत्रात अनेक तारे येतात, त्यांवर मल्टी-स्टार गाईडिंग केलं की हवेची थरथर सरासरीत बरीच विरते.

८ इंची एफ/५ न्यूटोनियन, १००० मिमी, तोच डीएसएलआर: ०.९ आर्कसेकंद. आता १२० मिमीचा गाईड स्कोप सातपट पडतो, अपुरा आहे. २४० मिमीचा गाईड स्कोप आणि २.९ मायक्रॉनचा कॅमेरा २.५ देतो, हे जमतं, पण कड्या पक्क्या हव्यात. या वर्गात मी ऑफ-अॅक्सिस गाईडरकडे झुकतो, कारण तो मुख्य दुर्बिणीतलाच प्रकाश प्रिझमने उचलतो. आरसा सरकला, फोकसर झुकला, तरी गाईड कॅमेऱ्याला ते दिसतं. ८ इंची श्मिट-कॅसेग्रेनला (पुढे काच, मागे आरसा असलेली दुर्बीण) तर दुसरा पर्यायच धरू नका. तिचा मुख्य आरसा फोकससाठी पुढे-मागे सरकणारा असतो आणि रात्रीतून तो जागा बदलतो.

ऑफ-अॅक्सिसच्या अडचणी दुकानदार सहसा सांगत नाहीत. बहुतेक करेक्टरना सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागतं. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४ कॅमेऱ्याच्या आत जातात आणि ११ टी-रिंगमध्ये (कॅमेरा जोडणारी कडी). गाईडरला जागाच उरत नाही. टी-रिंगच्या जागी बसणारा खास पातळ प्रकार मिळाला तरच जमतं. खास खगोल-कॅमेऱ्याला ही अडचण सहसा नसते. दुसरं, प्रिझमला आकाशाचा छोटासा तुकडाच दिसतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात तारे भरपूर, पण मार्च-एप्रिलमध्ये सिंह-कन्येतल्या दीर्घिकांकडे वळलात की तारा शोधताना नाकी नऊ येतात. म्हणून तिथे मोठ्या सेन्सरचा, संवेदनशील, कृष्णधवल कॅमेरा लागतो. रंगीत गाईड कॅमेरा कुठेच घेऊ नका, त्याचे फिल्टर प्रकाश खातात. बजेट एकच असेल तर पैसे स्कोपपेक्षा कॅमेऱ्यात घाला.

कुठे थांबायचं

माऊंटच्या वर्ममध्ये (मुख्य चाक फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरमध्ये) फिरण्याबरोबर येणारा संथ हेलकावा असतोच. एचईक्यू५मध्ये तो ६३८ सेकंदांनी परत येतो, ईक्यू६मध्ये सुमारे ४७९ सेकंदांनी. गाईडिंग तो सहज पचवतं. पीएचडी२चा लॉग लॉग व्ह्यूअरमध्ये उघडून बघा. त्याहून बऱ्याच कमी कालावधीचा, ठरावीक अंतराने येणारा तीव्र झटका दिसत असेल, तर तो गिअरमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे आणि कुठल्याही गाईड स्कोपने जाणार नाही.

इथे हात थांबवा. वर्मची जाळी बाहेरच्या स्क्रूंनी सैल-घट्ट करायची रीत तुमच्या माऊंटच्या पुस्तिकेत दिली असेल तर अष्टमांश फेऱ्याच्या हिशोबाने करून बघा. माऊंट हाताने हलवल्यावर कट्कट् खेळ जाणवेनासा झाला आणि मोटरचा आवाज जड झाला नाही, तेवढ्यावर सोडा. आतलं घर उघडणं, बेअरिंग काढणं, ग्रीस धुणं हे काम अनुभवी दुरुस्तीवाल्याचं. यंत्रमागाचा कसलेला फिटर आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो, पण माऊंट त्याच्या हाती देऊ नका. त्याचं काम खरखरीत आणि जोराचं, हे आर्कसेकंदांचं.

मोटर बोर्डातून जळका वास आला, उलट पोलॅरिटी लागली, एखादा अक्ष कोणत्याच केबलने हलेना, किंवा माऊंट वॉरंटीत असेल, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि विक्रेत्याला कळवा. श्मिट-कॅसेग्रेनचा आरसा फारच उडी मारत असेल किंवा सेन्सर तिरका असेल तरीही तेच. पुढची काच काढून आरशाला हात लावायचा नाही.

पाठवताना "गाईडिंग नीट होत नाही" एवढंच लिहू नका. डॉक्युमेंट्समधल्या पीएचडी२ फोल्डरमधला त्या रात्रीचा गाईड लॉग, गाईडिंग असिस्टंटचा निकाल, आरएची रेघ असलेला एक फोटो, ३० आणि ३०० सेकंदांचे दोन न कापलेले फोटो, आणि माऊंटपाशी मोजलेलं व्होल्टेज जोडा.